पिवळा दिवा केव्हां लावावा ?

दिवे दोन प्रकारचे असतात. एक स्वतःला दिसावें म्हणून लावलेला, आणि दुसरा आपण इतरांना दिसावें म्हणून लावलेला. समईच्या उजेडांत पोथी वाचतां येते, जिन्यावरच्या दिव्यामुळें पाय चुकत नाहीं. हे पहिल्या प्रकारचे. रत्नदुर्गावरील दीपस्तंभाच्या उजेडांत मात्र कोणीं पोथी वाचल्याचें ऐकिवांत नाहीं. तो दिवा समुद्रावरील खलाशाला वाट उजळून देत नाहीं. तो इतकेंच सांगतो कीं, मी येथें आहें, तूं आपलें अंतर राख. आणि तें सांगतांना तो एकसारखा जळत नाहीं. उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. प्रत्येक दीपस्तंभाची ही उघडमीट ठराविक असते व ती नौकानयनाच्या ग्रंथांत नोंदलेली असते. म्हणूनच हा रत्नागिरीचा दिवा, हा जयगडचा, हा दाभोळजवळच्या टोळकेश्वराचा, असें अंधाऱ्या रात्रींहि सेकंद मोजून ओळखतां येतें. लुकलुकणारा दिवा हा एका अर्थीं शब्दच आहे. आणि कोणत्याहि शब्दाप्रमाणें त्यालाहि अर्थ असतो तो योग्य मुखांतून, योग्य वेळीं निघाला तरच.

समुद्रावरचा हा शब्द मोटारींच्या युगांत रस्त्यावर आला. रस्ता दाबणारा रोलर, दुभाजकांतील झाडांना पाणी घालणारा टँकर, दरड उपसणारा जेसीबी, बिघडलेली मोटार ओढून नेणारी क्रेन, विजेच्या तारा दुरुस्त करणाऱ्यांची शिडीची गाडी, अशा कामावरच्या वाहनांच्या टपावर नारिंगी झांक असलेला एक पिवळा दिवा लुकलुकत असतो. कामावरचे लोक त्याला "अंबर दिवा" म्हणतात. तो कोणीं लावावा, केव्हां लावावा, आणि याहून महत्त्वाचें म्हणजे केव्हां मालवावा, याचा विचार आपल्या घरांतून सहसा होत नाहीं. गेल्या आंब्याच्या हंगामांत आमच्या घरीं तो करणें भाग पडलें.

प्रसंग असा कीं, आमचा पुतण्या बागेचा आंबा आपल्याच टेंपोंतून वाशीच्या बाजारांत पोंचवितो. तिन्हीसांजेला पेट्या भरावयाच्या, जेवून निघावयाचें, आणि हातखंबा, निवळी, संगमेश्वर, चिपळूण, परशुराम, भोस्ते, कशेडी असे एकामागून एक घाट नि गांवें मागें टाकीत तीनशें किलोमीटरांहून अधिक मजल मारून उजाडण्यापूर्वीं बाजार गांठावयाचा. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पहिला टप्पा पनवेलच्या बाजूनें २०११ मध्यें सुरू झाला. त्यानंतर एका तपाहून अधिक काळ कोंकणचा माणूस या मार्गावरून जाई तो कोठें नव्या काँक्रीटवरून, कोठें जुन्या डांबरावरून, तर कोठें कामासाठीं काढलेल्या वळणरस्त्यानें. २०२२ च्या उन्हाळ्यांत परशुराम घाट रुंदीकरणासाठीं दिवसांतील कांहीं तास बंद ठेवावा लागला होता, हें पुष्कळांना आठवत असेल. अशा रस्त्यावर रात्रीं वाहन चालविणें म्हणजे प्रत्येक वळणावर नवें कोडें सोडविणें होय.

एके संध्याकाळीं पुतण्यानें बाजारांतून तसाच एक पिवळा दिवा विकत आणला. खालीं लोहचुंबक, टपावर ठेवला कीं चिकटतो. तार आंत घेतली कीं झालें. ओटीवर बसून तो त्याची तार जोडूं लागला तेव्हां मीं विचारलें, "हा कशाला रे?"

तो म्हणाला, "काका, पेट्या सकाळच्या बाजाराला पोंचल्या नाहींत तर भाव पडतो. घाटांत पुढचा ट्रकवाला तासतास बाजू देत नाहीं. हा दिवा मागें लुकलुकला कीं त्याला वाटतें, कोणी सरकारी गाडी आहे. सगळेच लावतात."

माझें उत्तर ओठांवर येण्यापूर्वींच वहिनी माजघरांतून बाहेर आल्या. "लावूं द्या कीं, भावोजी. पोर रात्रभर एकटें त्या रस्त्यावर असतें. फोन वाजला तरी माझ्या छातींत धस्स होतें. एका दिव्यानें त्याची जपणूक होत असेल तर त्यांत कोणाचें काय जातें?"

त्या प्रश्नाला चटकन् उत्तर देतां येण्यासारखें नव्हतें. मुलाच्या मायेपोटीं विचारलेला तो प्रश्न होता, आणि त्यांतील भीति खोटी नव्हती. कोणाचें काय जातें, हेंच तर शोधावयाचें होतें.

आमच्या मातोश्रींनीं नव्वदी गांठली आहे. त्या जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "आमच्या लहानपणीं बैलगाडीच्या आंसाला कंदील टांगीत. त्या उजेडांत बैलाला कांहीं दिसत नसे नि गाडीवानालाहि नसे. तो मागून येणाऱ्या मोटारीसाठीं. आणि गाडी खळ्यांत शिरली कीं गाडीवान आधीं कंदील मालवी, मग बैल सोडी. तेल फुकट जाळील कोण?"

आईच्या या चार वाक्यांत सगळें शास्त्र आहे असें मला तेव्हां वाटलें व अजूनहि वाटतें. कंदील कोणाच्या मोठेपणासाठीं नव्हता. ज्याची चाल मंद, त्यानें वेगवान माणसाला वेळेवर सूचना द्यावी, एवढाच त्याचा हेतु. आणि तेलाच्या काटकसरीमुळें तो नको तेथें जळतहि नसे. आजच्या दिव्याला तेल लागत नाहीं. चाक फिरतें तोंवर वीज फुकट. म्हणून लावण्याची घाई सर्वांना आणि मालवण्याची आठवण कोणालाच नाहीं, अशी स्थिति झाली आहे.

हीच कल्पना विलायतेंत एकदां फारच टोकाला गेली होती. तेथील १८६५ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, रस्त्यावरून आपल्या शक्तीनें चालणाऱ्या यंत्रापुढें साठ यार्डांवर एका माणसानें लाल निशाण घेऊन पायीं चालावें. यंत्राचा वेगहि गांवाबाहेर ताशी चार मैल नि गांवांत दोन मैल. १८७८ मध्यें निशाणाची सक्ती सैल झाली व १८९६ मध्यें वेगाचीं तीं बंधनें उठलीं. आज आपल्याला त्या निशाणवाल्याचें हसूं येतें. परंतु त्यामागचें तत्त्व हसण्यासारखें नाहीं. रस्त्यावर जो नवा धोका आणतो, त्याची वर्दी देण्याचें ओझें त्याच्याच शिरावर असलें पाहिजे, हें तें तत्त्व होय.

आतां वर्दी द्यावी तरी कां लागते? मागच्या बाजूचे दोन लाल दिवे तर प्रत्येक वाहनाला असतातच. याचें उत्तर आपल्या डोळ्यांच्या एका उणिवेंत आहे. रात्रीं पुढें दोन लाल ठिपके दिसले म्हणजे तेथें वाहन आहे हें कळतें. तें किती वेगानें चाललें आहे, किंबहुना चाललें आहे कीं उभें आहे, हें कांहीं अंतरापर्यंत कळतच नाहीं. मन आपलें गृहीत धरतें कीं, इतरांसारखेंच तेंहि चाललें असेल. थोडा हिशेब करून पाहूं. ताशी ८० किलोमीटरनें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते. पुढें दीडशें मीटरांवर ताशी ६० किलोमीटरनें चाललेला ट्रक असेल, तर त्याला गांठावयास मोटारीला सत्तावीस सेकंद लागतात. तेथेंच ताशी १० किलोमीटरनें झाडांना पाणी घालीत चाललेला टँकर असेल, तर आठ सेकंदहि मिळत नाहींत. दोहोंच्या मागचे लाल दिवे सारखेच. चालकाला वाटतें आपल्यापाशीं सत्तावीस सेकंद आहेत, आणि प्रत्यक्षांत असतात आठाहून कमी. त्यांतले दोन-तीन तो विचारांत घालवितो. त्या एकोणीस सेकंदांच्या फसगतींत माणसें मरतात. पिवळा दिवा ही फसगत मोडण्यासाठीं आहे. तो म्हणतो, मी इतरांसारखा नाहीं. तुझा अंदाज सोडून दे.

लुकलुकण्याचेंहि कारण आहे. डोळ्याच्या कडेला स्थिर वस्तूपेक्षां बदलणारी वस्तु लवकर जाणवते. समोर पाहत असतांहि बाजूचा लुकलुकता दिवा आपलें लक्ष ओढून घेतो. मात्र क्षणभराचा उजेड तेवढ्याच शक्तीच्या स्थिर उजेडाहून डोळ्याला मंद वाटतो. ब्लाँडेल व रे या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं याचें गणित बसविलें, आणि दीपस्तंभापासून मोटारीच्या टपावरील दिव्यापर्यंत सर्वत्र तें उपयोगीं पडलें. म्हणून हे दिवे करणारे त्यांची शक्ति वाढवितात. दिवसा कोंकणच्या रखरखीत उन्हांत तेवढी शक्ति लागतेच. परंतु तोच दिवा रात्रीं तितकाच प्रखर राहिला तर येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि दिव्याशेजारीं फावडें घेऊन उभा असलेला मजूर अंधारांत बुडून जातो. ज्याच्या रक्षणासाठीं दिवा लावला तोच दिसेनासा होतो. यास्तव दिवसा पूर्ण व रात्रीं मंद, अशी सोय असलेला दिवा उत्तम.

हें सर्व मीं पुतण्याला सांगितलें. तो ऐकत होता. पण "सगळेच लावतात" हें त्याचें म्हणणें कांहीं सुटलें नव्हतें. तें सोडविलें आमच्या वाडींतल्या एका गृहस्थानें. तो महामार्गाच्या कामावर रोलर चालवीत असे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो कांहीं कामासाठीं आला असतां ओटीवरचा दिवा त्यानें पाहिला, हातांत घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "अण्णा, असाच माझ्या रोलरवर होता. पहिल्या वर्षीं तो पेटला कीं गाड्या लांबूनच हळू व्हायच्या. आतां वरातीच्या गाडीला हाच दिवा, रिकाम्या डंपरला हाच दिवा, पुढाऱ्याच्या मागून धांवणाऱ्या जीपला हाच दिवा. मग माझ्या दिव्याकडे कोण बघतो? लोकांना वाटतें, असेल कोणाची तरी वरात."

मग त्यानें एक हकीकत सांगितली. पावसाळ्याच्या तोंडीं त्याच्या रोलरचा दिवा बंद पडला. आठवडाभर सांगूनहि ठेकेदाराच्या माणसांनीं नवा दिला नाहीं. काम तर थांबत नव्हतें. एका काठीला लाल फडकें बांधून एक पोरगा रोलरच्या मागें कांहीं अंतरावर उभा करण्यांत आला. संध्याकाळीं पावसाची झड आली, उजेड गेला, आणि एक मोटार इतक्या जवळून सुसाट गेली कीं, पोराच्या हातांतली काठी मोडून निशाण तिच्या आरशाला अडकून पुढें गेलें. पोरगा चिखलांत पडला व वांचला. "दुसऱ्या दिवशीं तो कामावर आला नाहीं," एवढें सांगून तो गृहस्थ थांबला. वहिनी दारांत उभ्या होत्या. त्यांनीं त्या पोराचें वय विचारलें. सतरा-अठरा असेल, असें तो म्हणाला. त्यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. कोणाचें काय जातें, या प्रश्नाचें उत्तर मिळालें होतें.

एखादें चिन्ह आपल्या कामापासून सुटून मानाचें लक्षण बनलें म्हणजे त्याचा असाच नाश होतो. लाल दिव्याचें उदाहरण सर्वांच्या डोळ्यांपुढें आहे. मराठींत "लाल दिव्याची गाडी" याचा अर्थ मंत्रिपद असाच झाला होता, आणि स्पर्धापरीक्षांना बसणारीं आपलीं मुलें "अंबर दिव्याच्या गाडी"चीं स्वप्नें पाहत. म्हणजे रोलरवरचा तोच पिवळा दिवा एका बाजूला मजुराचें रक्षण करी, आणि दुसऱ्या बाजूला अधिकाऱ्याची शोभा. सर्वोच्च न्यायालयानें १० डिसेंबर २०१३ च्या निकालांत लाल दिव्याचा अधिकार उच्च घटनात्मक पदांपुरता आटोपता घ्यावा असें बजावलें. आणि पुढें १ मे २०१७ पासून केंद्र सरकारनें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पदाच्या मानाखातर दिवा लावण्याची पद्धतच बंद केली. लाल, निळा व पांढरा असा बहुरंगी दिवा अग्निशमन, पोलीस व संरक्षण दलें, आपत्तिनिवारण अशा तातडीच्या कामांसाठींच राहिला, आणि तोहि तें काम चालूं असतांना. पदाला दिवा नाहीं, कामाला दिवा आहे, हें या दुरुस्तीचें सार. मंत्र्यांच्या गाडीवरून दिवा उतरला याचा आपल्याला आनंद झाला. पण तोच दिवा आपण बाजारांतून आणून आपल्या टपावर चढवीत असूं, तर आपण फक्त मालक बदलला असें होईल.

येथें रंगांतील एक भेद ध्यानांत धरावयास हवा. रुग्णवाहिकेचा किंवा बंबाचा दिवा म्हणतो, "वाट द्या." त्याला वाट देणें हें कर्तव्य आहे, २०१९ च्या दुरुस्तीनें तशी वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. पिवळा दिवा वाट मागत नाहीं. तो म्हणतो, "जपून जा." पहिला अधिकार सांगतो, दुसरा आपलें व्यंग सांगतो: मी मंद आहें, मी रुंद आहें, मी वाटेंत उभा आहें. आमच्या पुतण्याला पिवळ्या दिव्याकडून लाल दिव्याचें काम करून घ्यावयाचें होतें. मूळ चूक तेथें होती. पिवळ्या दिव्याच्या गाडीला सिग्नल मोडण्याचा, उलट दिशेनें जाण्याचा किंवा कोठेंहि उभी राहण्याचा कोणताहि जादा हक्क मिळत नाहीं.

मग तो लावावा केव्हां? इंग्लंडांतील १९८९ च्या वाहन-दीप नियमांत याचा बारीक विचार आढळतो. बिघडलेली वाहनें ओढणाऱ्या गाडीनें पिवळा दिवा लावावा तो अपघाताच्या किंवा बिघाडाच्या जागीं काम करतांना, अथवा बिघडलेलें वाहन ओढून नेतांना; तें काम संपवून रिकामी परत येतांना नव्हे. ताशी पंचवीस मैलांहून, म्हणजे सुमारें चाळीस किलोमीटरांहून, अधिक वेग घेऊं न शकणाऱ्या यांत्रिक वाहनानें मोठ्या दुभाजित मार्गांवर तो लावलाच पाहिजे. आपल्याकडील कामांना हीच कसोटी लावली तर चार प्रसंग स्पष्ट दिसतात. वाहन इतरांच्या मानानें फार सावकाश चाललें असेल तेव्हां. तें रस्त्यावर किंवा रस्त्याच्या कडेला काम करीत उभें असेल तेव्हां. त्याचा कांहीं भाग दुसऱ्याच्या वाटेंत शिरत असेल, जसें मागें सरतांना, आडवें वळतांना किंवा फार रुंद ओझें नेतांना. आणि बिघडलेलें वाहन दोरीनें वा क्रेननें ओढलें जात असेल तेव्हां. या चारींतलें एकहि कारण नसेल तर दिवा मालवावा. जेसीबी रस्ता सोडून आवारांत खणूं लागला, टँकर विहिरीवर भरावयास उभा राहिला, कामगार चहाच्या टपरीपाशीं थांबले, क्रेन रिकामी इतरांच्याच वेगानें घरीं निघाली, तर दिव्याचें काम संपलें. मालवलेला दिवा हा पुढच्या वेळच्या लावलेल्या दिव्याची किंमत वाढवितो.

एका जागीं पांच-सहा वाहनें काम करीत असलीं तर प्रत्येकानें आपला दिवा लुकलुकत ठेवण्यांत शहाणपण नाहीं. येणाऱ्याला दिवाळीची आरास दिसते. रस्ता कोणत्या बाजूनें मोकळा आहे हें मात्र उमगत नाहीं. वाहतूक ज्या बाजूनें येते त्या बाजूच्या टोंकाच्या वाहनावर दिवा असावा, व तो माती, गवत किंवा भरलेला माल यांच्या आड दडलेला नसावा. शिवाय दिवा हा एकटा पुरेसा नव्हेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेंत कामाच्या जागेचे भाग पाडून दाखविले आहेत: आधीं लांबवर सूचनाफलक, मग वाहनांना हळूहळू एका बाजूला वळविणारा पट्टा, मग प्रत्यक्ष काम, आणि शेवटीं वाहतूक पूर्ववत् होण्याची जागा. दिवा हा या साखळींतला एक दुवा आहे. फलक नाहीं, शंकू नाहींत, निशाणवाला नाहीं, आणि टपावर एक दिवा फिरतो आहे, अशा ठिकाणीं ठेकेदारानें आपलें कर्तव्य पार पाडलें असें समजूं नये.

हा झाला कामावरच्या वाहनांचा विचार. परंतु जिच्यांत बसून आपण गणपतीला गांवीं येतों त्या घरच्या मोटारीलाहि असेच चार लुकलुकणारे दिवे असतात, आणि त्यांचा दुरुपयोग आपण सुशिक्षित मंडळीच अधिक करतों. पाऊस लागला, धुकें उतरलें, घाट सुरू झाला कीं चारी दिवे लुकलुकत ठेवून गाडी हांकावयाची, अशी एक रीत पडून गेली आहे. त्याचा परिणाम काय होतो? डावीकडे वा उजवीकडे वळण्याची खूण करावयास वेगळा दिवाच उरत नाहीं. आणि त्याच धुक्यांत एखादी गाडी खरोखरीच बंद पडून उभी असेल, तर ती व चालती गाडी यांतला भेद मागच्याला कळत नाहीं. चारी दिव्यांचा अर्थ "मी अडून उभा आहें" असा आहे. तो चालतांना सांगणें म्हणजे असत्य बोलणेंच होय. धुक्यांत खालचे दिवे लावावेत, वेग कमी करावा, अंतर वाढवावें. आणि फारच कांहीं दिसेनासें झालें तर सुरक्षित जागा पाहून रस्त्याच्या बाहेर थांबावें. बंद पडलेल्या गाडीमागें लाल त्रिकोण ठेवावयाचा तोहि गाडीला टेकवून नव्हे. वळणापलीकडून येणाऱ्याला वेळ मिळेल इतका दूर.

दिव्याला सर्व कांहीं साधतें असें मात्र कोणीं मानूं नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानींतला पूल पुरांत कोसळला, आणि जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या आपल्याच जिल्ह्यांतून निघालेल्या दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह त्या काळ्या पाण्यांत गेल्या. त्या क्षणीं पुलाच्या अलीकडे खूण करावयाला कोणीच नव्हतें, आणि अचानक आलेल्या संकटापुढें असणें शक्यहि नव्हतें. रत्नागिरीच्या घराघरांतून ती रात्र अजून विसरली गेलेली नाहीं. पण तिच्यापासून एक बोध घेतां येतो. जेथें वर्दी देणें माणसाच्या हातीं नसतें तेथें दैवाला बोल लावतां येईल. जेथें तें हातीं असतें, दिवा आहे, तार आहे, माणूस आहे, तेथें तो न लावणें किंवा वाटेल तेथें लावून त्याची पत घालविणें, याला दैवाचें नांव देतां येणार नाहीं.

आमच्या घरचा प्रश्न मग फारसा वाद न होतां सुटला. टेंपो इतर वाहनांच्याच वेगानें जातो. त्याच्यापाशीं सांगण्यासारखें कोणतेंहि व्यंग नाहीं. म्हणून त्याच्या टपावर दिवा असण्याचें कारण नाहीं, हें पुतण्यानें आपण होऊन मान्य केलें. वहिनींच्या भीतीवर मात्र खरा उपाय हवा होता. निघण्याची वेळ तासभर अलीकडे ओढली, पेट्या भरण्याला घरांतलीं आणखी दोन माणसें लागलीं, सोबतीला दुसरा माणूस द्यावयाचें ठरलें, आणि टेंपोच्या मागच्या फळीला उजेड परतविणारी नवी लाल पट्टी चिकटविली. कधीं कधीं बाजाराला अर्धा तास उशीर होतो व पेटीमागें चार पैसे कमी येतात. तें नुकसान आम्हीं सर्वांनीं मिळून सोसावयाचें कबूल केलें आहे.

तो दिवा फुकट गेला नाहीं. रोलरवाल्या गृहस्थाला पुतण्यानें तो नेऊन दिला. परवां संगमेश्वरच्या अलीकडे संध्याकाळीं आम्ही जात असतां लांबवर पिवळा उजेड लुकलुकतांना दिसला. पुतण्यानें कांहीं न बोलतां वेग उतरविला. जवळ गेलों तों रोलर दुसऱ्याच कोणाचा होता. मागें निशाण घेऊन एक पोरगा उभा होता, आणि त्याला वळसा घालून जावयाला आमच्यापाशीं भरपूर वेळ होता.